चेहऱ्याचे पाणी

मध्य रेल्वेवर कल्याणहून कर्जतकडे निघालेली गाडी पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. कल्याण पूर्वेची दाट वस्ती आणि उल्हासनगरचे कॅम्प यांच्या सांध्यावरचे हे लहानसे स्थानक. या परिसरात आम्ही सेवेला होतो त्या काळातील, २०२० सालचा, एक प्रसंग वाचकांपुढे ठेवून लेखाला आरंभ करतो. त्यात दोष आमचा आहे. म्हणून तो सांगण्याचा अधिकारही आम्हांला आहे, असे आम्ही समजतो.

टाळेबंदी लागू होऊन काही आठवडे झाले होते. लोकल बंद, कामे बंद. घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले, रोजंदारीवरचे कामगार यांच्या चुली थंडावू लागल्या होत्या. धर्मग्रामातील काही कुटुंबांनी पैसे दिले आणि आम्ही तांदूळ, डाळ, तेल, साखर यांच्या पिशव्या बांधून वाटल्या. देणाऱ्यांना हिशेब दिसावा, आणखी चार जणांना देण्याची बुद्धी व्हावी, या हेतूने वाटपाचे फोटो काढले आणि त्याच संध्याकाळी ते धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. खाली अभिनंदनाचा पाऊस पडला. आम्हांलाही, खोटे कशाला सांगा, बरे वाटले.

दोन आठवड्यांनी एक बाई तोंडाला रुमाल बांधून कार्यालयाच्या दाराशी आली. आत यायला ती तयार नव्हती. तिचा मुलगा शाळेत शिकत होता आणि त्या दिवसांत त्याचा वर्ग फोनवर भरत असे. पिशवी घेण्यासाठी पुढे झालेला त्याच्या आईचा हात आणि वर उचललेला तिचा चेहरा कोणीतरी आमच्या गटातून उचलून मुलांच्या गटात नेला होता. त्यावर काहीबाही लिहिले होते. मुलगा चार दिवस वर्गाला बसला नव्हता. बाई रागावली नव्हती. ती एवढेच म्हणाली, "फादर, तांदूळ घेतले त्याची लाज नाही वाटत. पण फोटोचं एका शब्दानं विचारलं असतं, तर मी पदर तरी घेतला असता."

आम्ही तो फोटो तत्काळ पुसला. परंतु तो पुसला गेला आमच्यापुरता. ज्यांच्या हाती तो गेला होता त्यांच्याकडून तो परत मागण्याचा कोणताच मार्ग आमच्यापाशी नव्हता. त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला. दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी आपण कडी वाजवतो. मग दुसऱ्याचा चेहरा उचलण्यापूर्वी विचारण्याची रीत का नाही? ती पूर्वी होती आणि आता लोपली, की मुळात कधी नव्हतीच? या प्रश्नाचा माग काढीत आम्ही इतिहासात बरेच मागे गेलो. जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

आडपडदा

अब्रू हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इतका आपला झाला, की त्याचे मूळ कोणी विचारीत नाही. 'आब' म्हणजे पाणी, तेज. 'रू' म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्याचे पाणी. माणसाचा मान त्याच्या चेहऱ्यावर वसतो आणि चेहरा उतरला की मान उतरतो, हे या एका शब्दाने कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवले आहे. आज कायद्याच्या भाषेत आपण ज्याला खासगीपणाचा हक्क म्हणतो त्याला आपल्या आजी-आजोबांच्या बोलीत एकच एक शब्द नव्हता, पण ती जाणीव मात्र पुरेपूर होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे ते म्हणत. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडणाऱ्याला ते चांगला शेजारी समजत नसत.

आमच्या विठ्ठलवाडीच्या शेजारी या जाणिवेची मोठी कसोटी लागली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभारली गेली. फाळणीनंतर सिंधमधून परागंदा होऊन आलेल्या सुमारे एक लाख लोकांना तिच्या बराकींतून आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. ज्या बराकीत सैनिक रांगेने निजत तेथे आता कुटुंबे राहू लागली. दोन संसारांच्या मध्ये भिंत कोठून असणार? गोणपाटाचा नाहीतर चादरीचा पडदा, एवढीच सीमा. पलीकडचे भांडण, आजारपण, पैशांची ओढाताण, सारे अलीकडे ऐकू येई. मुंबईच्या चाळींतही याहून फारसे वेगळे नव्हते. अशा ठिकाणी माणसाचा एकांत कपड्याच्या पडद्यावर टिकत नाही. तो शेजाऱ्याच्या सभ्यतेवर टिकतो. ऐकूनही न ऐकल्यासारखे करायचे, दिसले तरी नजर वळवायची, हा त्या गर्दीतला अलिखित कायदा होता.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात या कायद्याचे उदाहरण आहे. द्राक्षारसाच्या अमलाखाली नोहा आपल्या तंबूत उघडा पडला होता. त्याच्या एका पुत्राने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. त्या दोघांनी खांद्यांवर वस्त्र घेतले, पाठमोरे चालत ते आत गेले आणि न पाहता त्यांनी बापाला पांघरूण घातले. पाहून बाहेर सांगणारा आणि तोंड फिरवून झाकणारा, माणसांचे हे दोन प्रकार तेव्हापासूनचे आहेत. कॅमेऱ्याने हे प्रकार निर्माण केले नाहीत. पहिल्या प्रकारच्या माणसाच्या हाती त्याने फार मोठे सामर्थ्य मात्र दिले.

विचारलेले आणि न विचारलेले

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची रीत जगापुढे जाहीर झाली आणि लवकरच ती भारतात पोहोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तिच्या कार्यात भाग घेतला. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या कलेचा वर्ग निघाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. म्हणजे ही कला मराठी माणसाच्या हाती अगदी आरंभीच आली होती.

स्टुडिओत फोटो काढून घेणे हा त्या काळी एक सोहळा असे. माणूस आपल्या पायांनी जाई, ठेवणीतले कपडे घाली, कसे बसायचे ते ठरवी आणि दाम मोजून आपली तसबीर घरी आणी. स्त्रियांच्या बाबतीत तर आणखी जपणूक होती. सुप्रसिद्ध छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला. त्याच्याभोवती उंच भिंती होत्या आणि काम पाहायला श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज छायाचित्रकार बाई होत्या. तेव्हा, विचारण्याची रीत नव्हती असे मुळीच नाही. ती होती, आणि मोठ्या नजाकतीने पाळली जात होती. प्रश्न इतकाच, की ती कोणासाठी होती?

कारण त्याच काळात दुसराही एक प्रवाह वाहत होता. १८६८ ते १८७५ या वर्षांत लंडनहून 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड सरकारी आश्रयाने प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील जातिजमातींची साडेचारशेहून अधिक छायाचित्रे त्यांत आहेत. त्यांतील अनेक माणसे व्यक्ती म्हणून तेथे नाहीत. ती आपल्या जातीचा नमुना म्हणून उभी आहेत आणि खाली त्यांच्या स्वभावाविषयी साहेबाचा अभिप्राय आहे. सर सय्यद अहमद खान १८६९ साली लंडनला गेले असता हे पुस्तक त्यांच्या पाहण्यात आले. त्यांचे पुत्र ते चाळीत असताना एका इंग्रज तरुणाने त्यांना विचारले, की आपण हिंदुस्थानी का? मुलाच्या चेहऱ्यावर चढलेली शरम बापाने आपल्या पत्रात नोंदवून ठेवली आहे. विठ्ठलवाडीच्या त्या मुलाची हकीकत ऐकताना आम्हांला हा दीडशे वर्षांपूर्वीचा मुलगा आठवला. चेहरा एकाचा जातो आणि मान खाली जाते दुसऱ्याची, हे कॅमेऱ्याच्या बाबतीत पहिल्यापासून घडत आले आहे.

आणखी जवळचे उदाहरण प्लेगचे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ही साथ प्रथम ओळखली ती डॉ. आकासियो व्हिएगस या गोव्याच्या सुपुत्राने. पुढच्या वर्षी सरकारने साथरोग कायदा केला. आमच्या कल्याण जंक्शनवर मुंबईहून निघालेल्या प्रवाशांना उतरवून तपासले जाई. पुण्यात सैनिक घराघरांत शिरले. स्वयंपाकघर, देवघर, माजघर असा भेद त्यांनी ठेवला नाही, आणि लोकांचा संताप प्लेगपेक्षाही या शिरकावावर अधिक होता. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, त्या घटनेमागे हा संताप होता, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच साथीत मुंबईच्या प्लेग समितीच्या कामाची छायाचित्रे काढून त्यांचे संग्रह तयार करण्यात आले. ती कॅप्टन मॉस यांची मानली जातात. तपासणीची पथके, विलगीकरणाच्या छावण्या, रुग्णालयाच्या खाटा त्यांत दिसतात. हेतू समितीचे कार्य दाखवण्याचा होता. त्या खाटांवरील माणसे कोण होती, त्यांना कोणी विचारले होते का, हे आज आपल्याला ठाऊक नाही.

२०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने करोनासाठी जो कायदा लागू केला तो हाच, १८९७ चा. आणि आम्ही जे फोटो काढले तेही, बारकाईने पाहता, त्याच जातीचे होते. वाटप करणाऱ्या समितीचे कार्य त्यांत दिसत होते. घेणाऱ्याचा चेहरा त्या कार्याचा पुरावा म्हणून वापरला गेला होता. धर्मग्रामातील एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाचा फोटो छापायचा असता, तर आम्ही दूरध्वनी करून विचारले असते. तांदूळ घ्यायला आलेल्या बाईला विचारावे असे आम्हांला सुचलेच नाही. हे न सुचणे हाच या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे.

नाताळचे कार्ड आणि पिठाची जाहिरात

दाम मोजून स्टुडिओत गेलेल्यांचीही पुढे फसवणूक होऊ लागली. इंग्लंडमध्ये श्रीमती पोलार्ड या बाईंनी एका दुकानात पैसे देऊन आपले छायाचित्र काढून घेतले. छायाचित्रकाराने त्याच काचेवरून नाताळचे शुभेच्छापत्र बनवले आणि विक्रीसाठी दुकानात मांडले. ज्या सणाला आपण एकमेकांना आनंद वाटतो त्या सणाचे कार्ड एका स्त्रीच्या मनस्तापाचे कारण झाले. १८८८ साली न्यायालयाने छायाचित्रकाराला मनाई केली. ज्याने आपला फोटो काढायला सांगितले त्याने तो इतरांना विकायला सांगितलेले नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेही, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोवरचा पहिला हक्क पैसे देणाराचा ठेवला आहे. गावच्या स्टुडिओच्या काचेत नवऱ्या मुलीचा फोटो लावणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

त्याच १८८८ साली अमेरिकेतील रोचेस्टर शहरात जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक नावाचा हातात मावणारा कॅमेरा विकायला काढला. आता छायाचित्रासाठी कोणी स्टुडिओत जाण्याची गरज उरली नाही. कॅमेराच माणसाच्या मागे रस्त्यावर आला. दोनच वर्षांनी, १८९० च्या डिसेंबरात, बॉस्टनचे दोन वकील सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांनी खासगीपणाच्या हक्काविषयी तो सुप्रसिद्ध निबंध लिहिला. झटपट काढलेली छायाचित्रे आणि वृत्तपत्रांची हाव यांच्यापासून माणसाला वाचवायला जुने कायदे पुरत नाहीत, माणसाला त्याच्या वाटेने स्वस्थ राहू देणे हा त्याचा हक्कच मानला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता.

न्यायालयांना तो लगेच पटला नाही. रोचेस्टर शहरातच ॲबिगेल रॉबर्सन नावाच्या तरुण मुलीचा फोटो तिला न विचारता एका पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला. पंचवीस हजार प्रती निघाल्या. दुकानांत, गुत्त्यांत आपलाच चेहरा टांगलेला पाहून मुलीने अंथरूण धरले. १९०२ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिला सांगितले, की असा कोणताही हक्क कायद्याला ठाऊक नाही. लोक चिडले. पुढच्याच वर्षी त्या राज्यात कायदा झाला, की लेखी संमतीवाचून कोणाचेही नाव वा चित्र जाहिरातीसाठी वापरता येणार नाही. मुलगी खटला हरली, पण तिच्या हरण्यातून इतरांचे रक्षण झाले.

भिवंडीची एक रात्र

आता आपल्या देशाकडे वळू. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी आपण स्वीकारलेल्या संविधानात खासगीपणा हा शब्द नाही. १९६२ साली खडकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रात्री-अपरात्री पोलिसांनी घरी जाऊन दार ठोठावण्याचा नियम रद्द केला खरा, परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे मानायला बहुमत तयार झाले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी आपले वेगळे मत नोंदवले, ते पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडले.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा आमच्या परिसरातला आहे, आणि त्याची आठवण येथे फारशी कोणाला नाही, याचे आम्हांला वाईट वाटते. कल्याणच्या खाडीपलीकडे भिवंडी. १९६५ च्या नोव्हेंबरातील एका रात्री तेथील पोलीस निरीक्षक गणवेशात एका स्त्रीच्या झोपडीत गेला आणि त्याने तिच्यावर जबरदस्तीचा प्रयत्न केला, अशी तक्रार झाली. खात्याने चौकशी केली आणि त्याला नोकरीतून दूर केले. उच्च न्यायालयात मात्र तो सुटला. तक्रार करणाऱ्या स्त्रीची चालचलणूक चांगली नाही, तेव्हा केवळ तिच्या शब्दावर एका अधिकाऱ्याचे आयुष्य कसे उद्ध्वस्त करावे, असा तेथील विचार होता. महाराष्ट्र राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मर्डीकर' या प्रकरणाचा निकाल १९९० साली, म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांनी, लागला. न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले, की स्त्री कशीही वागत असो, तिचा खासगीपणा तिचाच आहे. वाटेल तेव्हा, वाटेल त्याने त्यात शिरावे असा अर्थ तिच्या वागण्यातून निघत नाही.

या निकालात कॅमेऱ्याचा संबंध नाही. तरीही आजच्या आपल्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर आम्हांला कोठे सापडले नाही. एखाद्या मुलीचा फोटो पसरला, की पहिला प्रश्न काय विचारला जातो? तिने तो काढू का दिला? तसे कपडे का घातले? त्या मुलाशी ती बोलत का होती? भिवंडीच्या झोपडीतील स्त्रीलाही हाच प्रश्न विचारण्यात आला होता, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो प्रश्नच गैर ठरवला. खासगीपणा हे सद्वर्तनाबद्दल मिळणारे बक्षीस नव्हे. माणूस म्हणून जन्माला आल्याबरोबर तो मिळतो.

१९९४ साली तमिळनाडूतील राजगोपाल खटल्यात न्यायालयाने म्हटले, की सार्वजनिक नोंदीत असलेल्या गोष्टी सोडल्यास कोणाच्या खासगी आयुष्याविषयी त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करता येणार नाही. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणून मान्यता दिली.

खिशातला कॅमेरा

या काळात कॅमेरा हातातून खिशात आला होता. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील एका प्रसूतिगृहात फिलिप कान या गृहस्थांनी आपला कॅमेरा, संगणक आणि मोबाइल फोन एकमेकांना जोडले, आणि नुकत्याच जन्मलेल्या कन्येचा फोटो दोन हजारांहून अधिक परिचितांना पाठवून दिला. फोनवरून क्षणार्धात वाटलेला हा पहिला फोटो समजला जातो. त्यात दुष्टपणाचा लवलेश नव्हता, होता तो बापाचा आनंद. परंतु या नव्या युगाचा पहिलाच चेहरा अशा व्यक्तीचा होता जिला विचारणे शक्यच नव्हते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्या घरांतूनही बहुतेक फोटो द्वेषाने नव्हे, तर आनंदाने आणि कौतुकाने पसरतात. म्हणूनच त्यांतील चूक आपल्या ध्यानात येत नाही.

द्वेषाने पसरवणारेही आहेतच. जानेवारी २०२२ मध्ये शंभरहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्याच समाजमाध्यमांवरील खात्यांतून उचलून, जणू लिलावात मांडल्याप्रमाणे, एका ॲपवर लावण्यात आले. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने तपास केला. पकडलेल्यांपैकी काही जण जेमतेम अठरा-वीस वर्षांचे होते. आपल्या धर्मग्रामातील युवकांच्या वयाचे, हे वाचून आमचे मन सुन्न झाले.

कायदा अशा कृत्यांच्या मागे धावत आला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. त्यात नंतर घातलेले आणि २००९ पासून लागू झालेले कलम ६६-ई संमतीवाचून कोणाच्या खासगी अंगांचे चित्र घेणे वा प्रसिद्ध करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने अहवाल दिला आणि २०१३ साली दंडसंहितेत ३५४-क च्या मालिकेत छुप्या नजरेच्या गुन्ह्याचे कलम आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ७७ म्हणून आहे. त्यातील एक स्पष्टीकरण प्रत्येक आईबापाने मुलांना समजावून सांगावे असे आहे. स्त्रीने अशा खासगी क्षणाचा फोटो काढू दिला असला, तरी तो तिसऱ्याला पाठवायला ती राजी नसेल, तर पाठवणे हा गुन्हा आहे. काढू देणे ही एक संमती, पुढे पाठवू देणे ही दुसरी. श्रीमती पोलार्ड यांच्या नाताळकार्डाने १८८८ साली जो धडा दिला तो आपल्या कायद्यात या शब्दांत उतरला.

परंतु आमच्या हातून जे घडले ते यांपैकी कोणत्याही कलमात बसले नसते. तो फोटो अश्लील नव्हता. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, त्यातही एखाद्याने स्वतःच्या व्यक्तिगत वा घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे. मामा-मावशींच्या गटात कोणी कोणाचा फोटो टाकावा, हे कायदा पाहायला येणार नाही. तेथे बराकीतल्या पडद्याचाच न्याय चालणार, म्हणजे शेजाऱ्याच्या सभ्यतेचा.

आपल्या अंगणात

सेमिनरीत आम्हांला पापनिवेदनाच्या मुद्रेविषयी शिकवले गेले. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवले, की पापनिवेदनात ऐकलेले जो धर्मगुरू उघड करील त्याला पदावरून दूर करून आजन्म प्रायश्चित्तासाठी मठात धाडावे. तो कडकपणा आमच्या रक्तात मुरला आहे. प्राण गेला तरी ते ओठांवर येणार नाही. कानांनी ऐकलेले जपायला आम्ही असे शिकलो. डोळ्यांनी पाहिलेले जपायला मात्र शिकलो नाही. वास्तविक १९८३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जारी केलेल्या धर्मसंहितेतील २२० वा नियम कोणाच्याही सुकीर्तीला अन्यायाने धक्का लावू नये आणि आपला खासगीपणा राखण्याच्या कोणाच्याही हक्काचा भंग करू नये, असे सांगतो. नियम आम्ही वाचला होता. तो आमच्या हातातील फोनला लागू आहे, हे कळायला ती बाई दारात यावी लागली.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी बदलल्या. मदत वाटताना घेणाऱ्याचा चेहरा टिपायचा नाही. देणाऱ्यांना पावती आणि हिशेबाचा कागद पुरे. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मुलांचे फोटो कोठे जाणार हे आईवडिलांना आधी सांगायचे आणि ज्यांची इच्छा नसेल त्यांना कारण विचारायचे नाही. मयताच्या घरी, रुग्णाच्या खाटेशी फोन खिशातच ठेवायचा. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असली तरी तिच्या वाढदिवसाचा फोटो टाकण्यापूर्वी तिलाच विचारावे, असे आम्ही आयांना सांगतो. सुरुवातीला त्या हसल्या. मग एकीने विचारून पाहिले, तर मुलगी म्हणाली, "हा नको, तो दुसरा टाक." एवढेच तर हवे असते.

आणि ज्या घरावर असा प्रसंग कोसळेल त्यांना आमची कळकळीची विनंती, की आधी मुलीला जवळ घ्यावे. चौकशी नंतर, उपदेश त्याहून नंतर. पुरावा म्हणून आलेले संदेश पुसू नयेत. पोलिसांत जावे; राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि बालके यांच्याविषयीची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. आणि तो फोटो आपल्या फोनवर येऊन पोहोचला, तर तेथेच थांबवावा. पाठमोरे चालत जाऊन वस्त्र घालणाऱ्या त्या दोन भावांचे काम आज एवढ्या एका न पाठवण्याने होऊ शकते.

त्या बाईचा मुलगा पुढे वर्गाला बसू लागला. कसे, ते त्याच्या आईलाच ठाऊक. आम्ही त्यात फारसे काही करू शकलो नाही. या लेखात तिची ओळख पटेल असे काही येऊ नये याची काळजी घेतली आहे. लिहिण्यापूर्वी आम्ही तिच्याकडे गेलो आणि विचारले, की तुमची गोष्ट लिहू का? ती जरा वेळ विचार करीत राहिली. मग म्हणाली, "लिहा फादर. विचारायला आलात ना, मग लिहा. फक्त फोटो नका छापू."